पाच पॉइंट शून्य आठ

माझी भाची तनुजा माझ्यामुळे सात इंच वाढली आणि तिला बघायला आलेला मुलगा जवळजवळ दहा इंचांनी घटला. दोघांनाही याची कल्पना नव्हती. मला तर नव्हतीच.

मी सांगलीच्या एका कॉलेजात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते. उत्तरापुढे एकक लिहिलं नसेल तर मी अर्धासुद्धा गुण देत नाही. (मुलं मागून मला ‘एककबाई’ म्हणतात. त्यात वावगं काही नाही.) रहिमतपूरला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने, प्रकाशने, तनूचा लग्नाचा बायोडाटा लिहिला आणि एकदा नजरेखालून घाल म्हणून मला पाठवला. नुसतं नजरेखालून घालणं मला आजवर कधी जमलेलं नाही.

त्यात लिहिलं होतं, ‘उंची : ५.१ फूट’. तनू पाच फूट एक इंच आहे. एक इंच म्हणजे फुटाचा बारावा भाग. प्रकाशने तो बिनदिक्कत दहावा करून टाकला होता! मी दुरुस्ती केली : ५.०८ फूट. प्रकाश फोनवर म्हणाला, सगळे लोक असंच लिहितात, पाच-एक म्हणजे पाच फूट एक इंच. मी त्याला सांगितलं की सगळे लोक चुकतात, आणि मधलं शून्य हा सार्थ अंक असतो, तो गाळता येत नाही. त्यावर तो “बरं” म्हणाला. मी थोरली असल्यामुळे त्याला दुसरं काही म्हणता येत नाही.

मग मी शेतीकडे वळले. ‘तीन एकर बागायत’ हे मला मोघम वाटलं. मी ते चौरस मीटरमध्ये नेलं आणि शास्त्रीय पद्धतीने लिहिलं : १.२ × १०⁴. टाइप करणाऱ्या दुकानदाराने वरचा चार खाली आणून ठेवला, त्याचे १.२ × १०४ झाले. हे माझ्या लक्षात आलं नाही. पेपर तपासताना मी फक्त दुसऱ्यांच्या चुका बघते.

थोड्याच दिवसांत कुपवाडच्या एका मुलाचा, अभिजितचा, बायोडाटा आला. इंजिनिअर, कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासणारा. उंची ५.११. प्रकाश म्हणाला, “अक्का, पोरगं सहा फुटाला एक इंच कमी हाय. तनू त्याच्या खांद्याला बी लागायची न्हाई.”

मला हसू आलं. जो माणूस दिवसभर मायक्रोमीटर हातात धरतो, तो दशांश चिन्ह असं वाटेल तिथे टाकेल का? पाच फूट अकरा इंच असता तर त्याने ५.९२ लिहिलं असतं. ५.११ फूट म्हणजे पाच फूट एक पूर्णांक तीन दशांश इंच. तनूला अगदी साजेसा! आपापल्या फोटोत दोघंही खुर्चीत बसलेली होती, त्यामुळे फोटोही माझ्याच बाजूने बोलत होता.

तीन आठवडे दोघं फोनवर बोलली. याआधी तनूने चार मुलं नाकारली होती, तीही एकेका वाक्यात. या वेळी ती साताऱ्याच्या लॅबमधून, जिथे ती काम करते, मला फोन करून म्हणाली, “आत्या, मला हाच पाहिजे.” आणि आपण उंच दिसू नये म्हणून तिने मुद्दाम सपाट चपला घेतल्या. माझ्या सांगण्यावरून.

रविवारी सकाळी पाहुणे रहिमतपूरला आले. आधी आई, मग वडील, मग एक उंच मनुष्य चौकटीखाली वाकून आत आला. हा थोरला भाऊ असणार असं समजून मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि नवऱ्या मुलासाठी रस्त्याकडे बघत उभी राहिले. प्रकाशने माझा पदर ओढला. “अक्का, आत चल. त्योच हाय.”

आत वडील प्रकाशला अदबीने विचारत होते की सव्वाशे चौरस मीटर रानात तुम्ही नेमकं काय पिकवता. प्रकाशने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

तेवढ्यात तनू चहा घेऊन आली. मुलाच्या आई तिच्या मागे बघत राहिल्या, आणखी कुणी येतंय का म्हणून. कुणीच येईना तेव्हा त्यांनी पिशवीतून कागद काढला. “ह्यात पाच-आठ लिवलंय. सात इंच कुठं गेलं, आवं? आमी काय आंधळं हाय काय?”

त्या उठल्या. मला खरोखर भीती वाटली. पोरीने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी हो म्हटलं होतं आणि मी ते दुरुस्त करून ठेवलं होतं.

अभिजितने आईच्या हातातून कागद घेतला. मोबाइलवर काहीतरी गुणलं. मग तो हसायला लागला. “आई, खोटं कायबी न्हाई. हे पाच-आठ न्हाई, पाच पॉइंट शून्य आठ हाय. पाच फूट एक इंच. अगदी बरोबर.” मग तनूकडे बघून म्हणाला, “आणि मला पसंत हाय.”

मला त्याला पैकीच्या पैकी द्यावेसे वाटले.

आई बसल्या, पण अर्ध्याच. “पर असलं लिवलं कुणी?”

“मी,” मी म्हणाले.

“तुमी कालिजात शिकवता न्हवं? काय शिकवता?”

सार्थ अंकांचे सगळे नियम माझ्या जिभेवर आले, उदाहरणांसकट. अगदी पहिल्या वाक्यापर्यंत मी पोचलेही होते. पण तनू ट्रे धरून माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत हात जोडलेले होते.

“मराठी,” मी म्हणाले.

त्यांचा चेहरा निवळला. त्या खुर्चीत नीट टेकल्या आणि चहाचा कप उचलून म्हणाल्या, “मग आसं सांगा की. आकड्यातलं तुमाला काय कळणार!”

“न्हाई कळत,” मी म्हणाले.

तीस वर्षांत एवढं अचूक उत्तर मी दुसरं दिलेलं नाही.