बंद न करायचा आवाज

"पहिले बंद कर वं बाई, मंग बोल."

काका दुरुस्तीला आले की हे एवढंच. कशी आहेस नाही, चहा घेणार का नाही. मी मुकाट्यानं इंजिन बंद करायची. मग ते उजव्या हाताची उलटी बाजू जिभेनं ओली करायचे आणि पाइपाच्या एकेका जोडाजवळून हळूहळू फिरवायचे. हवा निसटत असेल तिथे ओल्या कातडीला गार लागतं. तो हात दिवसभर ग्रीसमध्ये असायचा, म्हणून मला किळस यायची. मी तसं म्हणायची आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

तुम्ही कधी अमरावती रोडनं वाडीवरून गेला असाल तर आमची गाडी पाहिली असेल. लहानसा पिकअप, मागे डिझेलवर चालणारा कंप्रेसर आणि त्याच्या शेजारी आडवी हवेची टाकी. ट्रकचं चाक रस्त्यात बसलं की ड्रायव्हर फोन करतो. आम्ही जातो, हवेच्या गननं नट खोलतो, पंक्चर काढतो, हवा भरून देतो. धंदा मूळचा नवऱ्याचा. त्याची पाठ कामातून गेली तेव्हा पाने माझ्या हातात आले. तो आता फोन घेतो आणि मला सूचना देतो. फोन तो चांगले घेतो.

गाडीवरच्या कंप्रेसरला हादऱ्यांचा शाप असतो. आज घट्ट केलेला जोड चार खड्ड्यांत ढिला होतो. दाबाचा काटा चढत नाही, गन नट सोडत नाही, आणि ट्रकवाला डोक्यावर उभा. असं झालं की काकांना बोलवायचं. ते गोदामांच्या मागे एका खोलीत राहायचे. मूळचे उमरेडचे, घरी हातमाग होते. माग बंद पडले तसे ते इकडे आले आणि गॅरेजमध्ये केस पांढरे केले. "धागा तुटला का हातालेच समजे," असं एकदा म्हणाले होते, ते पण मी खूप विचारलं म्हणून.

त्यांची एक तऱ्हा होती. हातानं, साबणाच्या पाण्यानं लीक सापडली नाही की म्हणायचे, "उभी गाडी खोटं बोलते. चाल, फिरव." मग मी गोदामांमागच्या खड्ड्यांतून गाडी हाकायची आणि हा सत्तरीचा माणूस मागे पाइपाला कान लावून बसायचा. मे महिन्यात एका दुपारी अशा तीन फेऱ्या झाल्या. माझं डोकं तापलं होतं. मी म्हटलं, "काका, टेप गुंडाळा अन् मोकळं करा मले." तेवढ्यात त्यांनी पत्रा ठोकून गाडी थांबवली. तांब्याच्या नळीला केसाएवढी चीर होती आणि खड्डा आला की तेवढ्यापुरती उघडत होती. नळी बदलली, मग ते रस्त्याच्या कडेला बसले आणि पाण्याची अख्खी बाटली प्यायले. उन्हानं नाही, वयानं थकलेत, हे मला त्या दिवशी दिसलं. तरी दुसऱ्या दिवशी मी फोन केलाच.

मला त्यांनी शिकवलं ते एका ओळीचं होतं. "आवाज आला का लीक. लीक असली का बंद कराची. सुटी नाई." म्हणजे कोणत्याच आवाजाला माफी नाही.

मी तेच केलं.

काकांना ताप आला, आठ दिवस ते आले नाहीत. त्याच दिवसांत टाकीवरून फुसफुस सुरू झाली. काटा वर गेला की टाकीवरच्या पितळी सेफ्टी व्हॉल्व्हमधून हवा सुटायची. आधी थोडी, मग सारखी. मी जोड तपासले, साबण लावला, काही नाही. त्या दिवशी सहा गाड्या झाल्या होत्या, खांदे भरून आले होते. मी टाकी रिकामी केली, तो व्हॉल्व्ह काढला आणि त्याच मापाचा बोल्ट टेप लावून आवळून टाकला. फुसफुस बंद. गन अशी चालायला लागली की नवऱ्यानंही कौतुक केलं. मी म्हटलं, शिकले बाई एकदाची.

तिसऱ्या दिवशी गाडी नाक्याजवळ उभी होती. ट्रकवाला स्टेपनी आणायला गेला होता, इंजिन सुरू ठेवून आम्ही वाट बघत होतो. नवरा मागे टाकीला पाठ टेकवून बसला होता. टाकी गरम असते, त्यानं त्याच्या कमरेला बरं वाटायचं. काका सायकलवरून आले. उतरले आणि उभेच राहिले. त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं नाही. टाकीकडे पाहिलं, बोल्टकडे पाहिलं, मग नवऱ्याला अगदी सावकाश म्हणाले,

"भाऊ, मले एक पान आणून देता का? तोंड कडू झालं तापानं."

काकांनी जन्मात पान खाल्लं नव्हतं. नवरा कुरकुरत उठला, कंबर धरून उतरला आणि टपरीकडे निघाला.

"तूही जाय त्याच्यासंग," मला म्हणाले.

"मी काहून?"

"जाय म्हटलं ना वं."

टपरीपाशी पोचल्यावर मी मागे वळून पाहिलं. काका एकटेच गाडीवर चढले, इंजिन बंद केलं आणि टाकीखालचा हवा सोडायचा कॉक थोडा थोडा उघडत बसले. हवा किती वेळ जात होती कोण जाणे. आम्ही परत आलो तेव्हा त्यांनी काट्याकडे बोट केलं. काटा अजूनही धोक्याच्या लाल पट्टीच्या बराच वर होता.

"थे लीक नोहती, बाई. टाकी भरली तरी कंप्रेसर आपोआप थांबून नोहता राहिला. जास्तीची हवा थो व्हॉल्व्ह सोडून राहिला होता. तू त्याचंच तोंड बांधलं. फुटली असती."

मी म्हटलं, "मंग पहिले बंद काहून नाई केलं?"

"बंद करूनही भरलेली टाकी भरलेलीच राहते. पहिले माणूस काढा लागते. अन् भिवून उडी मारली असती त्यानं, तर पाठ होती का त्याची?"

नवरा हातात पान घेऊन उभा होता. वाटलं, आता हे मला फाडून खातील. पण काका फळीवर बसले आणि म्हणाले, "तुह्यी चूक नाई. सुटी नाई म्हटलं होतं म्या. मीच अर्धं शिकवलं." त्यांचा आवाज इतका दमलेला होता की शिव्या परवडल्या असत्या.

त्यांनी दोष दुरुस्त केला, नवा व्हॉल्व्ह बसवला. मग पुढचे पंधरा दिवस, अंगात ताकद नसताना, रोज सकाळी यायचे. मला डोळे मिटून टाकीशेजारी बसवायचे आणि एकेक आवाज काढून दाखवायचे. हा बंद कर. हा राहू दे. हा आला का पळ. चुकले की पुन्हा. सोळाव्या दिवशी आले नाहीत. त्यांची मुलगी येऊन त्यांना उमरेडला घेऊन गेली होती.

दिवाळीआधी मी भेटायला गेले. खाटेवर एवढेसे झाले होते. बोलताना धाप लागायची. धंद्याचं, गाडीचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "भाऊ कुठी बसते आता?"

"समोर, माह्या बाजूले," मी म्हटलं. "टाकीजवळ नाई जाऊ देत मी."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. महिन्याभरात त्यांच्या मुलीचा फोन आला, काका गेले.

काका, तुमच्याशी मी तेवढं एकच खोटं बोलले. तो अजूनही टाकीलाच टेकून बसतो, त्याच्या कमरेला दुसरं काही मानवत नाही. पण आधी मी त्याला खाली उभं करते, काटा बघते, व्हॉल्व्हची कडी ओढून हवा सुटू देते आणि तो आवाज पुरता ऐकते. मगच म्हणते, बसा.