चारशे बारा दगड आणि एक डबा व्हार्निश

भूशास्त्र विभागातल्या मावशींना कॉलेजात कुणी विचारत नसे, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नव्हती. जिथं विभागालाच कुणी विचारत नव्हतं, तिथं त्यांची काय कथा! विभाग तळघरात होता. वरच्या मजल्यावर रसायनवाल्यांच्या मोऱ्या गळत आणि ते पाणी जिन्यावरून खाली येई. खिडकी एकच, तीही बाहेर उभ्या असलेल्या मोटारींच्या चाकांकडे उघडणारी. भिंतींना लागून लाकडी खण, खणांत कापूस, आणि कापसावर चारशे बारा दगड. गेली सव्वीस वर्षं मावशी ते पुसत होत्या, रोज एक कपाट.

घरी नवरा शिवणयंत्रावरून मान वर न करता विचारी, "आज काय केलंस?"

"दगड पुसले."

"आणि काल?"

"कालचे वेगळे होते."

नवऱ्याला हा विनोद वाटे. मावशी खरं तेच सांगत असत.

पुसता पुसता त्या शिकल्या. सव्वीस वर्षांत तीन विभागप्रमुख आले आणि गेले, व्याख्यान मात्र तेच राहिलं. त्यातले विनोद तेच, आणि हसण्यासाठी थांबायची जागाही तीच. कपाटामागे फडकं घेऊन उभ्या राहिलेल्या बाईच्या कानावरून ते इतक्यांदा गेलं, की सरांना मध्येच ठसका लागला तर पुढचं वाक्य मावशींना तोंडपाठ असे. परीक्षा तोंडावर आली की नापास व्हायच्या बेतातली पोरं गुपचूप त्यांना गाठत.

"दगडाला नाव विचारू नकोस," मावशी म्हणत. "मूळचा कोण आणि काय काय सोसून इथवर आला, ते विचार. हा काळा बघ. दाणे दिसतात? नाही ना? म्हणजे तापलेला रस वर आला आणि झटकन थिजला, दाणा धरायला सवडच मिळाली नाही त्याला. आणि हा ग्रॅनाइट. खोल जमिनीत सावकाश निवला, म्हणून दाणा कसा टपोरा."

"आणि संगमरवर, मावशी?"

"तो मूळचा चुनखडी. समुद्राच्या तळाशी शिंपल्यांचा चुरा साठत गेला, दाबला गेला, त्याची चुनखडी झाली. ती खोल गाडली गेली, दाबात आणि उष्णतेत लाखो वर्षं राहिली, तिचा झाला संगमरवर. घरात तेवढंच सोसलं की सुनेची सासू होते. हे पेपरात लिहू नकोस."

एका मुलीनं लिहिलं. तिला पूर्ण गुण मिळाले, कारण पेपर कुणी वाचतच नसे.

चौथे विभागप्रमुख आले ते फार शिकलेले. उपग्रहानं काढलेल्या चित्रांवरून खडक ओळखायचे, यावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. म्हणजे दगडाशी त्यांची ओळख झाली ती शेकडो किलोमीटर उंचीवरून, आणि पुढेही त्यांनी ते अंतर राखलं. खण उघडायची वेळ आली की ते मावशींना हाक मारत आणि स्वतः रुमालानं हात पुसत.

त्यांच्या दुसऱ्याच वर्षी पत्र आलं. तपासणी समिती येणार होती, आणि विभाग ठेवायचा की बंद करायचा हे ती ठरवणार होती. बंद झाला तर तळघरात मोटारी लावायला जागा होणार होती आणि दगड जाणार होते मागच्या मैदानाच्या भरावात. प्राचार्यांनी हे हसत हसत सांगितलं. "दगडच ते! मातीत गेले म्हणून वाया थोडेच जाणार?" त्या दिवशी मावशींना जेवण गेलं नाही. स्वतःचं काय, कुठंही फडकं मारता आलं असतं. पण चारशे बारा दगड खड्ड्यात पडताना कसा आवाज होईल, तेच त्यांच्या कानात घुमत राहिलं.

विभागप्रमुखांनी मात्र उपाय शोधला. व्हार्निशचा मोठा डबा आणि दोन ब्रश त्यांनी टेबलावर आणून ठेवले.

"सगळे नमुने चमकले पाहिजेत, मावशी. दगड कसे मेल्यासारखे दिसतात."

"सर, व्हार्निश मारलं तर चुनखडीवर ॲसिड टाकून काही होणार नाही. फसफसलंच नाही तर चुनखडी ओळखायची कशी?"

"समिती काय खिशात ॲसिड घालून येणार आहे?"

विद्येपुढे शहाणपण चालत नाही. मावशींनी तीन दिवस व्हार्निश मारलं. वाळूचा खडक, पाटीचा दगड, ज्वालामुखीतला हलकाफुलका सच्छिद्र दगड, सगळे फोटोला बसवल्यासारखे तकतकीत झाले. काम झाल्याच्या चिठ्ठीवर सही मावशींची घेतली. सरांना सही करायला वेळ नव्हता.

समितीत तिघं होते. दोघं खुर्च्या मोजत होते. तिसऱ्या एक म्हाताऱ्या मॅडम होत्या, पायांत बूट, खांद्याला जुनाट पिशवी. त्यांनी चुनखडीचा खण ओढला, पिशवीतून थेंब टाकायची छोटी बाटली काढली आणि दगडावर ॲसिडचा थेंब टाकला.

काहीच झालं नाही. थेंब चकाकत बसून राहिला.

मॅडमनी संगमरवरावर टाकला. तोही ढिम्म.

"ही चुनखडी आहे?"

"हो, म्हणजे, आहेच," विभागप्रमुख म्हणाले. ॲसिड पडलं होतं दगडावर, पण घाम फुटला होता त्यांना.

मॅडमनी नखानं पृष्ठभाग खरवडला. "हे व्हार्निश कुणी मारलं? सगळा संग्रह बाद झाला की हा! असले नमुने ठेवून करायचं काय?"

"आमच्या परिचर बाईंनी परस्पर मारलं असावं," सर म्हणाले. चिठ्ठीही लगेच सापडली. एरवी त्या टेबलावर खडू सापडत नसे.

मावशींच्या मस्तकात तिडीक गेली. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण विभागप्रमुखच असा निघाला म्हटल्यावर विभागाला कोण ठेवणार होतं? मागच्या मैदानातला खड्डा त्यांना स्पष्ट दिसला.

"मीच मारलं," त्या म्हणाल्या. "पण दगड खोटे नाहीत, मॅडम. थांबा."

त्यांनी खालच्या कप्प्यातली हातोडी काढली, चुनखडीचा तो दगड फरशीवर ठेवला आणि घाव घातला. सव्वीस वर्षं ज्याला कधी ओरखडा उमटू दिला नव्हता, त्याचे दोन तुकडे झाले. आतल्या कोऱ्या बाजूवर मॅडमनी थेंब टाकला, तसा तो चरचरून फसफसला. आणि त्या फेसाच्या शेजारी नखाएवढा शिंपला दिसला, रेघा न् रेघा शाबूत. इतकी वर्षं दगड पुसूनही तो आत असल्याचं मावशींना ठाऊक नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"हा इथं कसा आला?" मॅडमनी विचारलं. परीक्षेचाच प्रश्न होता. विभागप्रमुखांनी खिडकीतून दिसणाऱ्या चाकांकडे पाहिलं.

मावशी बोलल्या. समुद्राच्या तळापासून सुरुवात करून संगमरवरापर्यंत आल्या, आणि तिथून तोच झिजून, विरघळून, पाण्याबरोबर पुन्हा समुद्रात जाईपर्यंत. सुनेचं आणि सासूचं तेवढं त्यांनी गाळलं. खुर्च्या मोजणारे मोजायचे थांबले.

महिन्याभरानं अहवाल आला. विभाग कायम ठेवावा, प्रत्येक नमुन्याची एक बाजू फोडून कोरी करावी, विभागातलं अध्यापन प्रभावी आहे. त्याबद्दल विभागप्रमुखांचा सत्कार झाला. नमुने खराब करणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई करावी, असंही शेवटी होतं. सरांनी तीही तत्परतेनं केली, आणि मावशींची बदली वसतिगृहाच्या गोदामात झाली. तिथं त्यांनी गाद्या मोजायच्या होत्या. गादीला भूतकाळ असतो, पण तो विचारण्यासारखा नसतो.

चार महिन्यांनी एका दुपारी विभागप्रमुख गोदामाच्या दारात उभे राहिले. इकडेतिकडे पाहून त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत पट्ट्यापट्ट्यांचा एक दगड होता.

"मावशी, पोरं विचारतात हा कुठला. नावाची चिठ्ठी गळून पडलीय. जरा बघता का?"

मावशींना तो खणातल्या जागेसकट माहीत होता. वाटलं, सांगावं की उपग्रहाला विचारा. पण हात आधीच पुढे झाला होता.

"मूळचा ग्रॅनाइट हा," त्या म्हणाल्या. "खोल दाबला गेला, तापला, पण वितळला नाही. सगळे दाणे एका ओळीत आडवे झाले, त्याचे हे पट्टे."

सरांनी ते घाईघाईनं तळहातावर लिहून घेतलं. "बरं, द्या. तास सुरू होतोय."

मावशींनी दगड दिला नाही. पदरानं त्याची एक बाजू पुसली, मग दुसरी.

"सर, तास होऊ दे तुमचा," त्या म्हणाल्या. "आज हा इथं राहू दे माझ्यापाशी."