तीनशे वर्षांनंतरचा माणूस

"सवयी सांगा, सवयी," असं म्हणत सर चष्मा कपाळावर सरकवायचे. समोरचा आपल्या मुलीला आलेल्या स्थळाविषयी बोलत असो, नाहीतर विभागातल्या नव्या शिपायाविषयी, सरांना नाव, गाव, शिक्षण यात काडीचा रस नसे. तो खातो काय, मातीत किती वेळ असतो, पाणी कुठलं पितो? एवढं कळलं की त्यांच्या लेखी माणूस कळला.

असा विक्षिप्त माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. पण तुमच्या माणसाचा तो स्वभाव असेल, आमच्या सरांचं ते कामच होतं. मी विद्यापीठात त्यांच्या हाताखाली शिकवत होतो आणि मंगला गौरीच्या देवळापाशी राहत होतो. सरांचं घर गंगेकाठी रामघाटला, हाकेच्या अंतरावर. दवाखाने आणि प्रयोगशाळा यांतून किरणोत्सारी कचरा निघतो. हातमोजे, बाटल्या, पुसायची फडकी. फार जहाल नव्हे, पण उकिरड्यावर फेकण्यासारखाही नव्हे. तो दूरच्या एका पडीक जमिनीत काँक्रीटच्या खड्ड्यात पुरायचा होता. पहारा काही कायमचा नसतो. तीनशे वर्षांनी कुंपण मोडलेलं असेल, पाटी कुणाला वाचता येणार नाही, आणि कुणीतरी तिथे घर बांधील, विहीर खणील, पालक लावील. त्याच्या पोटात काय जाईल याचा अंदाज सरांनी आज करायचा होता.

त्या न जन्मलेल्या माणसावर सरांचा जीव होता. ते त्याला नुसतं 'तो' म्हणत. "म्हातारपणी त्याचे गुडघे धरतील, मग तो विहीर सोडून लांब जाणार नाही," असं जेवताजेवता म्हणत. जिवंत माणसांच्या वाट्याला यातलं काही येत नसे. एका विद्यार्थ्याचे वडील वारले, तर सरांनी विचारलं, "म्हणजे आकडेमोड सोमवारी मिळणार नाही?" आम्ही त्यांच्या माघारी हसायचो, आणि शिव्याही द्यायचो.

मग समितीचा आक्षेप आला. सरांचा 'तो' फक्त विहिरीचंच पाणी पिणारा होता, त्यामुळे आकडा मर्यादेबाहेर जात होता आणि खड्ड्यावरचं आच्छादन वाढवावं लागत होतं. समितीचं म्हणणं, असा माणूस आजच उरलेला नाही, तीनशे वर्षांनी कुठून येणार? सरांनी टेबलावर हात आपटला. "उरला नाही कसा? माझ्या घरात आहे!"

ते खरं होतं. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, रामघाटच्याच वैदिकांच्या घरातली लेक. सोवळं कडक. नळात कातड्याचा वायसर असतो म्हणून नळाचं पाणी त्यांना वर्ज्य. घरामागच्या विहिरीचं चाले, गंगेचं चाले. सर स्वतः दिवसभर विभागात फिल्टरचं पाणी पीत, पण 'त्या'ला त्यांनी वहिनींच्या सवयी लावल्या होत्या. या जोडप्याला मूलबाळ नव्हतं. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भावजी, हे सारखं त्याचंच बोलतात. मला तर आता तो आपल्यातलाच वाटतो." आणि हसल्या.

समितीतले एक साहेब प्रत्यक्ष पाहायला येणार असं ठरलं. नेमकी त्याच सुमारास गल्लीत सीवरची, म्हणजे सांडपाण्याची, लाइन खोदली गेली आणि विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. मी सरांकडे चहाला बसलो होतो.

"पाण्याला बदबू येतेय हो," वहिनी म्हणाल्या. "गंगेचं मागवू का? नावेवाल्या मल्लाहाला सांगते, रोज भरून देईल."

"समिती येऊन जाऊ दे," सर म्हणाले.

"निदान उकळून तरी प्या," मी वहिनींना म्हटलं.

सर माझ्यावर उखडले. "उकळलेलं पाणी माणूस कमी पितो! आणि त्यांनी विचारलं, बरोबर असंच पिता का, तर ही काय खोटं बोलणार आहे?"

वहिनी खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्याच. साहेबांचं येणं दोनदा पुढे गेलं आणि त्या तेच पाणी पीत राहिल्या.

शेवटी साहेब आले. विहिरीत डोकावले आणि नाकाला रुमाल लावून मागे सरले. वहिनींनी कळशी ओढली, तांब्या वर धरला आणि घटाघटा पाणी प्यायल्या. "कमाल है," साहेब म्हणाले, "सचमुच यही पीती हैं!" वहिनींनी रीतीप्रमाणे त्यांच्यापुढे पेला धरला, तर त्यांनी लगबगीने पिशवीतून स्वतःची बाटली काढली. सरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता, घरात मुंज लागल्यासारखा फुलला होता.

पुढे वहिनींना कावीळ झाली. आधी डोळे हळदीसारखे झाले, मग अन्न तुटलं, मग दवाखान्यात हलवलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, पाणी कुठलं पितात? सरांनी अगदी तपशीलवार उत्तर दिलं. मला त्या क्षणी त्यांचा जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

समितीची मंजुरी आली तेव्हा सर वहिनींच्या खाटेपाशी बसले होते. मोबाइलवर वाचून एकदम म्हणाले, "वाचला!" पलीकडच्या खाटेवरच्या बाईंना वाटलं, यांचं कुणी नात्यातलं दुखण्यातून उठलं. त्यांनी हात जोडले.

वहिनींनी डोळे उघडले. "झालं का त्याचं?"

"झालं. आच्छादन वाढवणार आहेत. आता त्याला काही होत नाही."

"बरं झालं." मग म्हणाल्या, "मग आता मी गंगेचं प्यायले तर चालेल ना हो?"

सर उठले. मी जातो म्हटलं, तर माझा हात झटकून त्यांनी स्वतः लोटी उचलली आणि घाटाच्या दिशेने गेले.

ते लवकर आलेच नाहीत. काठाचं पाणी नको म्हणून त्यांनी नाव केली होती आणि मधल्या धारेपर्यंत गेले होते. तोवर इकडे सगळं आटोपलं. सिस्टरने चादर तोंडावर ओढली.

सर आले ते धापा टाकत, गुडघ्यापर्यंत भिजलेले, काठोकाठ भरलेली लोटी दोन्ही हातांत धरून. त्यांनी खाटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग सिस्टरकडे वळले.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "इसको अब कहाँ रखें?"

तिने खिडकीकडे बोट दाखवलं आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.