ऑर्लाची वेबसाइट आणि माझी खातरजमा

चहा आधी संपवा, मग सांगते. हा किस्सा ऐकताना एका गृहस्थांच्या नाकातून चहा आलेला मी पाहिलाय, आणि त्यांचा शर्ट पांढरा होता.

तसा मूर्खपणा मी पुष्कळ केलाय. पण आयर्लंडमध्ये जो केला, तो वेगळ्याच इयत्तेतला! शेजारणीला मदत करायला गेले आणि चार दिवसांत तिचा धंदा बुडवला. आणि तोही कसा? अत्यंत तत्त्वनिष्ठपणे!

दोन हजार सोळा सालची गोष्ट. मी वर्तमानपत्रातून नुकतीच निवृत्त झाले होते. माझी लेक ऋता डब्लिनला, क्लोनडॉकिनमध्ये राहायची. जवळच्या बिझनेस पार्कात सॉफ्टवेअरची नोकरी. ती म्हणाली, "आई, तू इकडेच ये. पुण्यात बसून सोसायटीच्या सेक्रेटरीला छळणार, त्यापेक्षा मला छळ."

गेले. काय दिवस होते हो! ऋता कामावर गेली की मी मागच्या अंगणात. तिथला उन्हाळा म्हणजे स्वेटर घालून कपडे वाळत घालायचे आणि ते वाळायच्या आत उचलून आणायचे. मधली भिंत बुटकी. पलीकडे ऑर्ला. नाव बदललंय तिचं. का बदललंय ते कळेलच.

ऑर्ला चाळिशीची, तांबूस केसांची, बोलायला मोकळी. ती मला घरी केलेला ब्राउन ब्रेड द्यायची, मी तिला थालीपीठ. माझं मेतकूट तिनं स्वयंपाकघरातल्या 'प्रेस'मध्ये, म्हणजे तिकडच्या कपाटात, चहाच्या डब्याशेजारी ठेवलं होतं आणि ती ते टोस्टवर लोण्याबरोबर खायची. भिंतीवर दोन कप ठेवून आम्ही जगाची उणीदुणी काढायचो. आता पुण्यात कुणाशी असं भिंतीवरून बोलणार? इथं भिंतीच डोक्याच्या वर गेल्यात.

एका सकाळी ती सरळ म्हणाली, "शैला, मी एस्कॉर्ट आहे. पुरुष माझ्या सोबतीचे पैसे देतात. जेवण, गप्पा, पुढचं आम्हा दोघांचं. तुला चालणार नसेल तर सांग, ब्रेड भिंतीवर ठेवून आत जात जाईन."

मी म्हटलं, "बाई, मी अर्धं आयुष्य पोलीस स्टेशन आणि कोर्टात काढलंय. ब्रेड हातातच दे."

मग तिनं खरी अडचण सांगितली. इतकी वर्षं ती एका एजन्सीतर्फे काम करायची. कुणाला भेटायचं ते एजन्सीवाला ठरवणार. नाही म्हणायची सोय नाही. ती तिथून बाहेर पडली होती आणि तिला स्वतःची वेबसाइट काढायची होती. उन्हाळा संपेपर्यंत त्या साइटवरून माणसं आली नाहीत, तर परत एजन्सीच्या दारात.

"एजन्सीच्या साइटवर तुझ्याबद्दल काय लिहिलंय, दाखव," मी म्हटलं.

तिनं फोनवर दाखवलं. 'मोहक! मादक! स्वप्नवत! अविस्मरणीय!'

माझं डोकंच फिरलं. चार विशेषणं आणि माहिती शून्य! आमच्याकडे शिकाऊ पोरानं अशी कॉपी, म्हणजे मजकूर, दिली असती तर मी ती त्याच्या डोक्यावर आपटली असती. "स्वप्नवत असं कोण म्हणालं? कुणाचं स्वप्न? ऑर्ला, तुझी वेबसाइट मी लिहिणार."

"तू?"

"मीच!"

ऋताला सांगितलं तर ती आधी किंचाळली, "आई! तू हे माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडलंस?" मग दुसरा लॅपटॉप काढून बसली. पोरगी गुणाची. तिनं साइट उभी केली. शांत निळा रंग, मोजकी पानं, भडक काही नाही. ऑर्लासाठी नवा ईमेल काढला आणि पासवर्ड आम्हा दोघींना दिला. हो, मलाही. पुढचं सगळं रामायण त्या पासवर्डातून झालं.

मजकूर माझा. ती कशी आहे, काय आवडतं, कुठे भेटते, काय चालणार नाही, कसा संपर्क करायचा. सरळ वाक्यं. भांडणं झाली, पण झकास झाली.

"फोटोत तू पाठमोरी का?"

"चेहरा नसतो दाखवायचा, शैला."

"मग कोपऱ्यात पासपोर्ट साइज तरी लावू."

ती ओट्याला धरून हसत राहिली.

वयावरून तर अर्धा दिवस गेला. तिला एकतीस हवं होतं, खरं एक्केचाळीस. मी म्हटलं, "खोटं छापणार नाही." शेवटी तिनं हात टेकले. "ग्रँड," म्हणजे तिकडचं 'ठीक आहे', "एक्केचाळीस लिही." आणि गंमत बघा, साइट अर्धवट असतानाच ज्या पहिल्या माणसानं विचारणा केली, त्यानं लिहिलं की खरं वय पाहून बरं वाटलं. झालं! माझ्या डोक्यात हवा गेली.

उरलं होतं ते अभिप्रायांचं पान. ऑर्लानं जुन्या, विश्वासातल्या माणसांना दोन ओळी लिहून मागितल्या होत्या. त्या नव्या ईमेलवर आल्या. त्यातल्या निवडून लावायच्या, एवढंच काम. ती बहिणीकडे ट्रलीला निघाली होती. जाता जाता म्हणाली, "तू लाव तुला वाटेल तशा."

मी वाचायला बसले. 'फार सुंदर संध्याकाळ. डी.' डी कोण? 'तिच्याइतकं कुणी ऐकून घेत नाही. एक हितचिंतक.' 'वर्षभरानंतर मी हसलो. मलिंगारचा मित्र.' मलिंगार हे गाव, पण मित्र कोण?

निनावी! सगळं निनावी! मी इतकी वर्षं एकही निनावी प्रतिक्रिया छापू दिली नव्हती. निवडणुकीच्या रात्री संपादकांशी भांडले होते त्यापायी. आणि आता निवृत्तीनंतर, परदेशात जाऊन, 'डी' छापू?

तुम्ही काय केलं असतं? गप्प बसला असता. शहाणे आहात. मी त्या सगळ्यांना पत्र पाठवलं. उत्तम, खणखणीत इंग्रजीत. त्याचं मराठी असं:

'महोदय, मी गेली तीस वर्षं पत्रकार आहे. ऑर्ला यांच्यासंदर्भातलं आपलं विधान माझ्या हाती आलं आहे. ते प्रसिद्ध करण्यापूर्वी आपलं पूर्ण नाव, वय, व्यवसाय आणि गाव कळवावं. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर न आल्यास उपलब्ध माहितीच्या आधारे मजकूर प्रसिद्ध केला जाईल.'

हसू नका. मला त्यात काहीही खटकलं नाही! महापालिकेच्या आयुक्तांपासून बिल्डरांपर्यंत सगळ्यांना मी अशीच पत्रं पाठवत आले होते. आमच्या धंद्यात याला समोरच्याची बाजू मागवणं म्हणतात.

उत्तरं भराभर आली. मला वाटलं, काय तत्पर लोक आहेत!

डीनं लिहिलं, 'कृपा करा. मला बायको आणि मुलं आहेत.' मी उलट लिहिलं, 'आनंद वाटला. नाव आणि व्यवसाय तेवढा राहिला.'

हितचिंतकानं एकच ओळ लिहिली. 'तुम्हाला किती हवेत?'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला! मला पैसे देऊ करतो? ज्या बाईनं पत्रकार परिषदेतली गिफ्टची पिशवीसुद्धा परत केली, तिला? मी लिहिलं, 'तुम्ही माणूस ओळखायला चुकलात. मी विकली जात नाही. मजकूर येणार म्हणजे येणार.'

आणखी एकाच्या वकिलाचं पत्र आलं. वकिलांना मी कधी घाबरले? कळवून टाकलं, 'आपल्या अशिलाचा एक फोटोही पाठवावा.'

फक्त मलिंगारचा मित्र सज्जन निघाला. पूर्ण नाव, वय, व्यवसाय निवृत्त गुरांचा डॉक्टर, सोबत कुत्र्याबरोबरचा फोटो. वर एक दुरुस्तीही. 'वर्षभरानंतर नव्हे, बायको गेल्यापासून पहिल्यांदा हसलो. तेवढं नीट करून घ्या.' मी ऋताला फोन करून वाचून दाखवणार होते, इतकी खूश झाले. म्हटलं, याला म्हणतात जागरूक नागरिक!

ऑर्ला ट्रलीहून परतली ती घरात न जाता थेट आमच्या दारात. बॅग हातात, फोन हातात, चेहरा पांढराफटक.

"शैला, तू माझ्या माणसांना काय लिहिलंस?"

शनिवार होता, ऋता घरी होती. तिनं माझं पत्र उघडलं. वाचता वाचता ती खाली बसली.

"आई," ती म्हणाली, "ही खंडणी आहे."

"काहीतरी बोलू नकोस. मी पैसे नाकारलेत!"

"म्हणून तर ते जास्त घाबरलेत! पैसे घेणाऱ्याला गप्प तरी करता येतं गं!"

ऑर्ला ओरडली नाही. ओरडली असती तर मी भांडले असते, ते मला जमतं. ती हळू म्हणाली, "सुंदर बायका डब्लिनमध्ये पुष्कळ आहेत. ते माझ्याकडे येतात कारण मी गप्प बसते. माझ्याजवळ विकायला तेवढंच आहे."

"पण वाचकांचा विश्वास..."

"कुठले वाचक, शैला?"

मी लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

मग मी निस्तरायला गेले. सगळ्यांना माफीचं पत्र पाठवलं. 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. आपण निश्चिंत असावं, आपली सर्व माहिती माझ्याजवळ सुरक्षित आहे.' यावर डीनं ईमेलचा पत्ताच बंद केला. ऋतानं माझ्याकडून पासवर्ड काढून घेतला.

ऑर्लाचा फोन वाजेनासा झाला. या माणसांच्या ओळखीतून ज्या चौकशा यायच्या त्याही थांबल्या. बातमी अशी पसरली होती की कुठलंसं वर्तमानपत्र तिच्यामागे लागलंय. मी, म्हणजे वर्तमानपत्र! भिंतीवर ब्रेड येईना. एकदा दोरीवरचे कपडे काढताना तिचं बोलणं कानावर पडलं. फोनवर एजन्सीवाला होता. परत ये म्हणत होता आणि ती, "बघते, सोमवारी सांगते," म्हणत होती. मी ओले कपडे तसेच हातात धरून उभी. बाईनं मला स्वयंपाकघरात बसवलं, स्वतःचं खरं वय सांगितलं, आणि मी तिला त्या माणसाच्या दारात नेऊन उभं केलं.

आठवडाभरानं, रविवारी भिंतीपलीकडून हाक आली. "शैला! बाहेर ये!"

मला वाटलं, निरोप घेणार. पण तिच्या डोळ्यांत हसून हसून पाणी होतं. मलिंगारच्या डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता. तक्रार होती त्यांची! नाव दिलं, फोटो दिला, माझं छापून कधी येणार? ऑर्लानं त्यांना सगळी हकिकत सांगितली तर ते म्हणाले, "असली क्रॅक या घरात कित्येक वर्षांत झाली नव्हती!" तिकडे धमाल मजेला क्रॅक म्हणतात. आणि मग म्हणाले, "पोरी, लपवतेस काय? त्या बाईला कामावरून काढलं असं साइटवर सरळ लिहून टाक. लोकांना तेच ऐकायचंय."

ऑर्लानं लिहिलं होतं. फोन माझ्यापुढे धरला. पहिल्याच पानावर, माझ्या सगळ्या खणखणीत मजकुराच्या वर:

'माझ्याकडे येणाऱ्याचं नाव कुणी विचारणार नाही. पत्रकारांना इथे मज्जाव आहे, निवृत्त असल्या आणि थालीपीठ उत्तम करत असल्या तरीही.'

"चालेल ना?" तिनं विचारलं.

मी काय बोलणार? माझ्या कॉपीला हात लावणाऱ्या उपसंपादकाला मी एकदा जिन्यापर्यंत हाकललं होतं. तीच मी मान खाली घालून म्हणाले, "चालेल."

सोमवारी एजन्सीवाल्याचा फोन आला. तिनं मला भिंतीशी बोलावलं, फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाली, "नाही." एवढंच. मग ठेवून दिला. पहिला परत आला तो 'किती हवेत' वाला हितचिंतक. त्याच्यामागून बाकीचे. डी मात्र कायमचा गेला. तेवढं माझ्या खात्यावर.

मी परत निघाले तोवर ऑर्लाचं बस्तान नीट बसलं होतं. विमानतळावर ऋतानं फोन काढून मला साइटचे आकडे दाखवले. "आई, लोक सर्वांत जास्त वेळ कुठे थांबतात माहितीये? त्या एका ओळीपाशी."

तीस वर्षं लिहिलं मी. माझ्याशी संबंधित जे एकच वाक्य लोकांनी परत परत येऊन वाचलं, ते मला हाकलून दिल्याचं होतं. आणि तेसुद्धा मी लिहिलेलं नव्हतं!