पाणी येतंय तर येतंय म्हणून लिवा
विकायला आलेलं घर बघायला गेले की अण्णा आधी चपला काढायचे. फरशी फुटकी असो नाहीतर शेवाळलेली, ते अनवाणी सगळ्या खोल्या फिरायचे. ओल डोळ्यांच्या आधी तळव्यांना कळते, असं त्यांचं म्हणणं.

बेंगळुरूतल्या आमच्या छोट्या ऑफिसात अडचणीतली घरं विकायला यायची: खचलेली, पाणी शिरणारी, मालकाला घाईनं सोडायची असलेली. अण्णा ती पाहून यायचे आणि मी जाहिरात लिहायचे. ते निपाणीकडचे, साठीला आलेले. मी पुण्याहून नुकतीच आलेली. मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी ‘किरकोळ डागडुजी आवश्यक’ असं लिहिलं की ते शेजारी येऊन उभे राहायचे.

“डागडुजी म्हंजे काय, अक्का? पाणी येतंय तर येतंय म्हणून लिवा की.”

तुम्ही अशी जाहिरात वाचली असतीत तर घर बघायलाही गेला नसतात. आमचे साहेब हेच म्हणत.

शहराच्या उत्तर टोकाला, येलहंकाला एका बाईंचं घर होतं; ते बघायला मीही अण्णांबरोबर गेले होते. नवरा गेल्यावर त्यांना मुलीकडे म्हैसूरला जायचं होतं. जोराच्या पावसात मागच्या नाल्याचं पाणी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरायचं. ते लिहू नका म्हणून त्यांनी आम्हाला विनवलं. ऑफिसात आल्यावर मात्र त्यांनी ती ओळ मला लिहायला लावलीच. संध्याकाळी साहेबांनी ती काढायला सांगितली. मी काढली आणि अण्णांना सांगितलं नाही.

घर एका तरुण जोडप्यानं घेतलं. ऑगस्टमध्ये नवरा ऑफिसात आला. ओरडला नाही. त्यानं फोनवर फोटो दाखवला: घरभर गढूळ पाणी आणि ओट्यावर पाय वर घेऊन बसलेली त्याची गरोदर बायको. तुम्हाला हे माहीत होतं का, एवढंच त्यानं कन्नडमध्ये विचारलं.

साहेब आत निघून गेले. मी मान खाली घातली. अण्णांनी जाहिरात दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि त्याला म्हणाले, “होतं. घर मी पाहिलं होतं.”

माझं नाव त्यांनी घेतलं नाही, साहेबांचंही नाही.

पुढचे दोन रविवार ते गवंडी घेऊन त्या घरी गेले आणि पाणी आत येऊ नये म्हणून मागच्या दाराचा उंबरा उंच करून घेतला. कबुली दिली म्हणून साहेबांनी त्यांना कामावरून काढलं. ते निघाले तेव्हा जिन्यात गाठून मी सांगितलं, ती ओळ मी काढली होती.

“ठाऊक हाय,” ते म्हणाले. “म्हणून तर विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्हाला आणखी एक खोटं बोलायला लागलं असतं.”

ते निपाणीला गेले. फोन लावायचा मला धीर झाला नाही.

हिवाळ्यात मी एकदा त्या घरी गेले. बायकोनं दार उघडलं. कडेवर बाळ होतं. मी अण्णांचं नाव सांगताच तिनं हसून आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली. तुम्ही त्यांच्या कोण, असं विचारलं.

त्यांच्याबरोबर काम करायचे, मी म्हटलं. एवढंच.