मुळाक्षरांवर फिरवलेला रंग

कुकटपल्लीच्या सरकारी शाळेत मी शिकवत होते. एका परदेशी कंपनीचे कर्मचारी समाजसेवेसाठी येणार, असं कळल्यावर मी पाण्याची टाकी मागितली. ते रंगाचे डबे घेऊन आले. मोठ्या मुलींनी व्हरांड्याच्या भिंतीवर काढलेल्या तेलुगू मुळाक्षरांवर त्यांनी पांढरा रंग फिरवला आणि वर कंपनीचं बोधचिन्ह काढलं.

"मॅडम, कैसा दिखरा?" त्यांच्यातल्या एका तरुणानं हौसेनं विचारलं.

"पहिलीची पोरं आता कशावरून वाचणार?" मी कडाडले. तो ओशाळला. बाकीचे फोटो काढण्यात दंग होते.

माझ्या अंगाची लाही झाली. दुसऱ्या दिवशी मुलींबरोबर मी त्या बोधचिन्हावरच पुन्हा मुळाक्षरं काढली. कंपनीतून तक्रारीचा फोन आला.

"भिंत शाळेची आहे," एवढंच मी सुनावलं. हेडमास्तर घाबरले, पण त्यांनीही ती अक्षरं पुसू दिली नाहीत.