डाव्या अंगाला

निघायच्या आदल्या दिवशी आप्पांनी माझ्या रग्बीच्या चेंडूतली हवा काढली. कोल्हापुरात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. हवा भरण्यात आयुष्य गेलं, पण त्या दिवशी काढताना त्यांचा हात जड झाला होता. "राहू दे की फुगलेला," मी म्हटलं. तर म्हणाले, "बॅगेत मावाय नको? तिकडं काय हवा मिळंना व्हय?" चेंडू चपटा झाल्यावर आईने त्याच्या खळग्यात कांदा-लसूण मसाल्याची पिशवी बसवली. माझी धाकटी बहीण सुमी दारात उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसताना तिने माझा डावा खांदा नुसता दाबला. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

आम्ही दोघी आठ वर्षं एका संघात खेळलो. ज्यांनी रग्बी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, या खेळात चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. द्यायचा तो बाजूला, नाहीतर मागे. त्यामुळे चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या मागे कायम आपलं कुणीतरी धावत असावं लागतं. माझ्या मागे सुमी असायची. "ताई, डाव्या अंगाला हाय," एवढंच ओरडायची आणि मी न बघता चेंडू तिकडे सोडून द्यायचे. पुढे पुढे तर तिने ओरडायचंही सोडलं होतं.

लग्न होऊन मी टेक्सासला, फ्रिस्कोत आले आणि पहिली दोन वर्षं फक्त निखिलची बायको होते. तसं वाईट काहीच नव्हतं. निखिल भला माणूस. घर मोठं, रस्ते मोठे, फ्रीज मोठा, आणि कुणी "तू काय करतेस?" विचारलं की माझ्याकडे सांगायला काही नाही. चेंडूत हवा भरून घेतली, मसाल्याचा वास काही गेला नाही. तो घेऊन मी घरामागच्या पार्कात एकटीच धावायचे. माझं वर्क परमिट आलं त्याच सुमारास निखिलने एक लिंक पाठवली. बायकांच्या एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाला खेळाडू हवे होते, आणि दुसऱ्या खेळातून आलेल्याही चालणार होत्या. शेजारच्या नागपूरच्या काकू म्हणाल्या, "अगं, हेल्मेट घालून कुठं धडकतेस, आधी ड्रायव्हिंग शीक." आणि दर शनिवारी मला ग्राउंडवर ड्रॉप करायला त्याच गाडी काढून उभ्या.

इथे सगळं उलटं होतं. चेंडू लांबवर पुढे फेकतात. हातात आला की छातीशी धरायचा आणि मिळेल तेवढं पुढे जायचं. आपल्या बाकीच्या बायका पुढे, समोरच्यांना अडवायला. मागे सहसा कुणी नसतं. निवड सहा आठवडे चालली. पळण्यात मला कुणी गाठत नव्हतं, आणि मला तो संघ इतका हवा होता की निखिललाही सगळं सांगायची लाज वाटायची.

शेवटच्या सराव सामन्यात काकू फोनवर शूटिंग करत होत्या. मी चेंडू घेऊन सुटले. जिथे पोचलं की गुण मिळतात ती रेषा चार पावलांवर राहिली असताना दोघींनी कंबरेला धरलं. पडता पडता मी डावीकडे, मागे, न बघता चेंडू सोडला. मागे नुसतं गवत होतं. समोरच्या संघातल्या मुलीने तो आरामात उचलला आणि पळाली.

कोच म्हणजे पन्नाशीची धिप्पाड बाई. जवळ येऊन म्हणाली, "हू वॉज दॅट फॉर?"

"माय सिस्टर."

"इज शी हिअर?"

"नो, कोच. इन इंडिया."

तिने हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, "देन होल्ड ऑन टू इट, हनी."

घरी येऊन मी नळ सोडून बाथरूममध्ये रडले. सुमीला व्हिडिओ पाठवायचं कबूल केलं होतं, म्हणून पाठवला. तिचा फोन आला. तिने व्हिडिओ पुन्हा एकदा लावला. मग म्हणाली, "ताई, पास बरोबर हुता. मीच न्हवते तिथं."

संघात घेतलं मला, राखीव म्हणून. अट एकच होती, चेंडू सोडायची सवय मोडायची. त्या हिवाळ्यात मी पोळ्या लाटतानाही चेंडू काखेत धरायचे आणि निखिल येता-जाता त्याला फटका मारायचा. आधी तो दर वेळी खाली पडायचा. मग कधीकधी पडायला लागला. शेवटी निखिलने दोन्ही हातांनी ओढला तरी निघेना. दुसऱ्या वर्षी मी सामन्यांत उतरले, आणि काकू बाकावरून "पळ गं, पळ" म्हणत होत्या.

यंदा कोल्हापूरला गेले. सुमी आता शाळेत खेळ शिकवते. संध्याकाळी मैदानावर तिच्या मुलींविरुद्ध आम्ही दोघी एका बाजूला झालो. मला चेंडू मिळाला, मी सुटले, आणि मागून आवाज आला, "ताई, डाव्या अंगाला हाय." अगदी स्पष्ट ऐकू आला. दोन पोरींनी मला धरलं आणि मी चेंडू छातीशी कवटाळून खाली पडले. एक पोरगी ओरडली, "मॅडम, ह्यांनी सोडला न्हाई, फाऊल हाय." रग्बीत पडल्यावर चेंडू सोडावाच लागतो. हे माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं.

सुमी शेजारी येऊन बसली. "दिला न्हाईस," म्हणाली. हसत होती, पण मला तिच्याकडे बघवेना. टेक्सासमध्ये ती नसताना तिला चेंडू दिला होता, आणि कोल्हापुरात ती असताना दिला नाही. माझ्यासारखे जे निघून आले त्यांना हे वेगळं सांगायला नको. जे मागे राहिलात त्यांना सांगते, आम्ही मुद्दाम बदलत नाही. इकडे टिकायचं तर एखादी सवय मोडावी लागते, आणि ती नेमकी तुमच्यामुळे लागलेली असते.

ऊन कलताना पुन्हा चेंडू माझ्याकडे आला. धावले. मागून हाक आली. पूर्वी मी कधी बघत नसे, या वेळी मान वळवून बघितलं. सुमी होती, डावीकडेच. थोडी जाड झालेली, धापा टाकत, दोन्ही हात पुढे केलेली. माझे हात सुटायला थोडा वेळ लागला. मग मी चेंडू दिला.